इतर माहिती

मगदूमच्या पोरानं लॅपटॉप ठेवला
संकेश्वरीच्या पोत्यावर, आणि तीनदा शिंकला.
मग म्हणाला, ताई, तीन पर्याय आहेत.
एक महिन्याला नऊशे, एक वर्षाचं,
तिसरं फुकट, पण माहिती त्यांच्याकडं राहते.
त्यांच्याकडं म्हणजे कुठं, मी विचारलं.
त्यानं वर बोट केलं, पत्र्याकडं.

पत्र्यावर डंकाची धूळ, तांबडी, एकवीस वर्षांची.

आबांची वही होती तोवर हा प्रश्न नव्हता.
वहीला भाडं नव्हतं, पासवर्ड नव्हता,
पानापानाला तेलाची बोटं,
आणि नावं अशी:
गंगावेशीतली घारी.
वडणग्याचे सर्जेराव, दोन म्हशीवाले.
जुबेदाभाभी, खोबरं जास्त, लसूण घरनं सोलून आणते.
मास्तरीणबाई, उधारी विचारू नये.
महापुरात वही तीन दिवस पाण्यात होती.
पानं दोरीवर वाळत घातली, चिमटे लावून.
शाई गेली. तिखटाचे डाग तेवढे राहिले.

म्हणून घेतलं. वर्षाचं.

तीन सोमवार, डंक बंद असताना, मी भरत बसले.
नाव, आडनाव, मोबाईल, ई-मेल, जन्मतारीख.
घारी म्हणाली, "लिही की काय बी.
मिरची स्वस्त असती त्या महिन्यातली."
मी एक मार्च टाकला. तिलाही, आणखी साठ जणींनाही.
तिखटाला खाना नव्हता.
शेवटी अगदी खाली एक लांबडी चौकट सापडली,
'इतर माहिती', अडीचशे अक्षरं,
तीत बसवली मी माणसं:
ब्याडगी दोन, लवंगी पाव. सून आल्यापासून लवंगी बंद.
मुलगा दुबईला, पाकीट दुहेरी.
मीठ डोळ्यांदेखत घालावं.

पोरगं बजावून गेलं होतं,
वेळच्या वेळी साफ करत जावा, ताई, कचरा साठतो.
मी साफ करत गेले.
बंद पडलेले नंबर. दोनदा आलेली नावं.
सुशीला पाटील, सुशीला पाटील.
एकत्र करू का?
हो म्हटलं.
करवीर तालुक्यात सुशीला पाटील किती,
हा हिशेब त्या दिवशी कुणी करायचा?

फेब्रुवारीत पुण्याहून फोन.
सुशीला पाटलांची थोरली मी. आई दिवाळीत गेली.
तिची चटणी तुमच्याकडं लिहिलेली असेल ना?
आहे की, म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं.
चार किलो कुटून पार्सल लावलं.
आठ दिवसांनी पुन्हा ती. कितीतरी वेळ बोलेचना.
मग म्हणाली, तीच.
अगदी तीच. धणे तसेच, थोडे करपलेले.

दुसऱ्या दिवशी पायरीवर
उचगावच्या सुशीला पाटील, धडधाकट,
पिशवी पुढं करून:
"माझी नेहमीची. धनं वाईच करपू द्यायचं,
म्हाईत हाय न्हवं?"

रात्री मी वहीचं ते पान काढलं, दुसरीचं, गेलेलीचं.
शाई नव्हतीच. कोपऱ्यात डाग होता,
नाकाशी धरून बघितला.
नदीचा वास आला.

पुण्याला फोन लावला नाही.
काय सांगायचं होतं? दोघी वेगळ्या केल्या फक्त.
उचगावचीचं जसंच्या तसं ठेवलं,
गेलेलीची चौकट बराच वेळ कोरी,
आणि मग त्यात लिहिलं:
धणे करपलेले. लेकीला आठवतात तसे.

जतन केलं.
मशीन क्षणभर थांबलं, आणि म्हणालं,
या दोन नोंदी सारख्याच वाटतात.
एकत्र करू का?

नको रे, म्हटलं मी. मोठ्यानं.
रिकाम्या डंकात आवाज घुमला,
आणि मलाच शिंक आली.